लाकूडकामाच्या खोलीत लोखंड कशाने कापावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या लाकूडकामाच्या खोलीत मायटर सॉ (गोल पातं वरून खाली आणून कापणारी करवत), जिगसॉ (छोटं पातं वरखाली चालणारी हातातली करवत) आणि बँडसॉ (पट्ट्यासारखं पातं गोल पळणारी करवत) आहे. आता टेबलाच्या पायांसाठी दीड मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप, जिगसाठी (काम जागेवर धरायच्या साच्यासाठी) अॅल्युमिनियमची पट्टी आणि मुठींसाठी पितळी सळी कापायची आहे. त्यासाठी अँगल ग्राइंडर (चकती फिरवून कापणारं हातातलं यंत्र) घ्यावा, की मायटर सॉलाच लोखंड कापायची चकती लावावी?

मायटर सॉवर चकती लावायचा बेत तेवढा सोडून द्या. त्या यंत्राची ठेवणच अशी असते की पात्यावरून उडालेलं सगळं मागच्या नळीतून भुशाच्या पिशवीत जावं. तिथे भुशाऐवजी ठिणग्या गेल्या तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, प्लास्टिकचा असतो. लाकडाचंच दातेरी पातं लावून लोखंड कापणं त्याहून वाईट. १० इंची पातं मिनिटाला ४,५०० फेरे घेतं तेव्हा दात्याचा वेग सेकंदाला साधारण ६० मीटर होतो. लोखंड दातेरी पात्याने कापणारी १४ इंची यंत्रं १,३००च्या आसपास फिरतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम २४ मीटर. दुप्पट-अडीचपट वेगाने लोखंडावर आदळलेला कार्बाइडचा (कठीण पण ठिसूळ धातूचा) दाता तुटून उडतो, आणि तो कुठे उडेल ते आपल्या हातात नसतं.

बँडसॉचंही तेच. लाकडासाठी त्याचं पातं मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास पळतं. लोखंडाला ३० ते ९० मीटर हवं. वेग इतका खाली आणायची सोय त्यात नसेल तर लोखंड त्यावर चढवू नका. दाते काही क्षणांत बोथट होतील.

ग्राइंडर कापतो झकास, यात वाद नाही. पण लाकूडकामाच्या खोलीत मी आधी बघतो ते हे की ठिणगी पडणार कुठे. माझ्याकडून एकदा गाढवपणा झाला. एकच बोल्ट कापायचा होता म्हणून खोलीच्या कोपऱ्यातच ग्राइंडर चालवला. दोन मिनिटांचं काम, कापून झालं, दार लावून निघून गेलो. तासाभराने परत आलो तर जळकट वास. बाकाखालच्या भुशात तळहाताएवढा काळा डाग आतल्या आत धुमसत होता. ज्वाळा नाही, धूरही फारसा नाही. भुसा असाच पेटतो, चोरट्यासारखा. त्या दिवसापासून माझा ग्राइंडर उघड्यावरच चालतो.

आगीशिवाय आणखी एक त्रास आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. ओक, अक्रोड, सागवान अशा लाकडांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लोखंडाचा बारीक कीस त्यावर बसला आणि ओल किंवा पाण्यात मिसळलेलं पॉलिश लागलं, की निळे-काळे ठिपके उमटतात. म्हणून हाताने कापतानाही तयार फळ्या झाकून ठेवा.

आता पाइप. चार पाय म्हणजे फार तर आठ काप. मी तरी हॅक्सॉच (धातू कापायची हातकरवत) उचलीन. नियम असा की कापाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते टेकलेले हवेत. इंचाला २४ दात्यांच्या पात्यात दोन दात्यांमधलं अंतर जेमतेम १ मिलिमीटर, ३२ दात्यांच्या पात्यात ०.८. तुमची भिंत दीड मिलिमीटरची, म्हणजे पातं सरळ उभं धरलं तर ३२चंही पुरत नाही. दाते कडेला अडकून तुटतात. म्हणून पातं पाइपच्या सपाट बाजूवर जवळजवळ आडवं धरा, म्हणजे पुष्कळ दाते एकदम टेकतील. ती भिंत कापली की पाइप फिरवून पुढची बाजू घ्या. चारही बाजूंना गुण्याने (काटकोन मापायच्या हत्याराने) रेघ आधी मारलेली असेल तर काप बरोबर जुळतात. पात्याचे दाते मुठीपासून पुढे वळलेले हवेत, पातं ताणून बसवलेलं हवं, आणि घाई नको: मिनिटाला ४०-५० फेऱ्या पुष्कळ झाल्या. पातं मध्येच तुटलं तर नवं पातं त्याच खाचेत घालू नका. जुन्याचे दाते झिजून खाच अरुंद झालेली असते, नवं त्यात अडकतं. पलीकडच्या बाजूने सुरू करा आणि शेवटी कानस मारा.

जिगसॉ पाइपला नको, त्याच्या पात्याचं टोक खालच्या भिंतीवर आतून ठोकत बसतं. पत्रा आणि सपाट पट्टी मात्र त्याने छान कापते: धातूचं बारीक दात्यांचं पातं, वेग कमी आणि पत्र्याखाली टाकाऊ प्लायवूड, म्हणजे पत्रा थरथरत नाही.

अॅल्युमिनियमची गोष्ट निराळी. तो मऊ, ठिणगीही टाकत नाही, त्यामुळे इथे तुमचा मायटर सॉ कामाला येतो. पातं मात्र अॅल्युमिनियमसाठीचं घ्या: बारीक दात्यांचं, दाते किंचित मागे झुकलेले. लाकडाचं पातं पुढे झुकलेलं असतं, ते पट्टी ओढून घेतं. पट्टी क्लॅम्पने आवळा, हाताने धरू नका. पात्याला मेण लावा, नाहीतर कीस दात्यांना चिकटतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण हा कीस सुईसारखा टोचतो.

ग्राइंडर घेतलातच, तर पातळ लोखंडाला १ मिलिमीटरची चकती पुरे. चकतीवर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नको, आणि गार्ड काढायचा नाही. पाइप असा ठेवा की कापलेला तुकडा खाली मोकळा पडेल. दोन्ही टोकांना आधार असला तर खाच मिटते, चकती चिमटते आणि यंत्र अंगावर उसळतं. कापलेलं टोक गरम असताना लाकडी बाकावर टेकवू नका. काम झाल्यावर अर्धा तास तरी आसपास राहा.

राहिली पितळी सळी. ती हॅक्सॉने लोण्यासारखी कापते. पोकळ नळी निघाली तर आत घट्ट बसेल अशी लाकडी गोल काडी घालून दोन्ही एकदमच कापा, नळी चेपत नाही.