पोरगी वाडीतली कुलपं मोजत फिरते, तिला भूगोल घेऊ द्यावा का?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो: तुमचं गुहागर तालुक्यात धोपाव्याजवळ किराण्याचं दुकान, मुलगी बारावी आर्ट्स झाली, 74 टक्के आहेत, तिला बी.ए.ला भूगोल घ्यायचाय, नि तुमचे विरारचे मेव्हणे म्हणतायत बी.कॉम. करा, भूगोल घेऊन काय नकाशे रंगवत बसणार. वर तक्रार अशी की अख्खा मे महिना पोरगी वही घेऊन वाडीत फिरत होती, 31 घरं, त्यातली 12 कुलूपबंद, कोणाचं कुलूप कधी उघडतं हे विचारत होती, नि शेजारी म्हणायला लागले ही काय सरकारी मोजणीला आलीय की काय.

भाऊ, ती जे करत होती तोच मानवी भूगोल. कोणी शिकवलं नसताना करत होती, हे मला 74 टक्क्यांपेक्षा मोठं वाटतं.

आपल्या डोक्यात भूगोल म्हणजे राजधान्या, नद्यांची नावं नि खरीप-रब्बी एवढंच असतं. मानवी भूगोलाचा मुख्य प्रश्न एकच, एखादी गोष्ट कुठे आहे नि तिथेच का आहे. दुकानाचंच घ्या ना. मीठ-साखर घ्यायला माणूस तुमच्याकडे चालत येतो, शर्ट घ्यायला शृंगारतळीला जातो, सोनं घ्यायचं किंवा मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर चिपळूण गाठतो. कशासाठी माणूस किती लांब जायला तयार होतो नि दुकान चालायला कमीत कमी किती गिऱ्हाईक लागतं, एवढ्यावर क्रिस्टालर नावाच्या जर्मन माणसाने 1933 साली अख्खा सिद्धांत मांडला, त्याला केंद्रस्थान सिद्धांत म्हणतात. तो वाचल्याशिवाय तुम्ही इतकी वर्षं दुकान चालवताय ते सोडा, पण दुसरं दुकान कुठे टाकावं असं उद्या कोणी विचारलं तर उत्तर याच हिशोबाने काढावं लागतं, नि मोठ्या कंपन्या त्याचे पैसे देतात.

किंवा अंतर. धोपाव्याला उभं राहिलं की दाभोळ समोर दिसतं, फेरीबोटीत गाडी घातली की काही मिनिटांत पलीकडे. नि बोट बंद असली तर तीच गाडी चिपळूण फिरून न्यायची, अर्धा दिवस मोडतो. नकाशावरचं अंतर तेवढंच आहे, बदललं काय तर पोचण्याचं अंतर. गुहागर तालुका वर वाशिष्ठी नि खाली शास्त्री अशा दोन खाड्यांमध्ये बसलाय, त्यामुळे इथल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरजच नाही, फक्त त्याला शास्त्रात काय म्हणतात ते शिकायचं.

आता त्या 12 कुलपांकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजाराच्या आसपास होती, 2011 ला ती 16 लाख 15 हजारावर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. देशाची वाढत असताना आपली कमी झाली, नि तीही कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण सुरू झाल्यानंतरच्या दहा वर्षांत! त्याच 2011 च्या आकड्यात रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका दिसतात. मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे, पुरुष मुंबईला असतात म्हणून. तुमच्या लेकीने 12 कुलपं मोजली म्हणजे या आकड्याचा एक तुकडा तिने पायाने चालून तपासला.

शिवाय मोजायचं कधी, हाही प्रश्नच. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ना गणपती, ना शिमगा, ना मे. तुमच्याच वाडीत गणपतीला मोजलं तर लोकसंख्या किती निघेल नि श्रावणात किती? दोन्ही आकडे खरेच, पण पाण्याची टाकी केवढी बांधायची ते पहिल्या आकड्यावर ठरतं नि रोज एसटी किती सोडायच्या ते दुसऱ्यावर. हा फरक कळणारा माणूस ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत लागतो, नि तो कमीच सापडतो.

आता कडू बोलतो. नुसती बी.ए. भूगोल करून नोकरी मिळेल असं मी लिहून देणार नाही. पूर्वी मीच एका मुलाला सांगितलं होतं की भूगोल घे, एमपीएससीला उपयोगी पडतो, नि त्याची सहा वर्षं त्या एकाच दारात उभं राहण्यात गेली. तेव्हापासून मी असं सांगायचं सोडलं. स्पर्धा परीक्षा द्यायची तर जरूर द्यावी, पण हातात दुसरं काहीतरी असताना. ते दुसरं म्हणजे जीआयएस, सोप्या भाषेत नकाशा नि त्याच्यामागे माहितीचा तक्ता. घराच्या ठिपक्यावर क्लिक केलं की घरात किती माणसं, विहीर कोणाची, कुलूप कधीपासून, सगळं दिसतं. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातायत, 2021 ला केंद्राने भारतीय कंपन्यांसाठी नकाशे करण्याचे नियम सैल केले, त्यामुळे काम वाढलंय हे नक्की. पण सुरुवातीचं काम बऱ्याचदा दिवसभर उपग्रहाच्या फोटोवर रस्ते नि घरं गिरवण्याचं असतं, पगार बेताचा, नि खूप मुलं तिथेच अडकतात. पुढे जातो तो ज्याला गिरवलेल्या गोष्टीचा अर्थ सांगता येतो. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं. पाणी कुठपर्यंत आलं ते दाखवणारे बरेच मिळतील हो, पण तळमजल्यावर एकटी म्हातारी माणसं कुठल्या आळीत राहतात, त्यांना आधी कोणी उचलायचं, हे नकाशावर आणायला पायाने फिरलेला माणूस लागतो, तुमच्या मुलीसारखा.

म्हणून पहिल्या वर्षापासून दोन गोष्टी सोबत हव्यातच, संख्याशास्त्र नि कॉम्प्युटर. आर्ट्सची मुलं इथे कच्ची राहतात नि पुढे जिओइन्फॉर्मेटिक्सच्या, म्हणजे याच जीआयएस नि उपग्रहाच्या अभ्यासाच्या, एम.एस्सी.ला अर्ज करताना कळतं की काही ठिकाणी गणित किंवा सायन्स मागतात. तेव्हा जिथे प्रवेश घ्याल तिथे आधीच विचारा की भूगोल तिन्ही वर्षं मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळतो का, मायनर म्हणजे जोडविषय म्हणून संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेता येतं का, प्रॅक्टिकलला क्यूजीआयएस, म्हणजे जीआयएसचं फुकट सॉफ्टवेअर, शिकवतात की अजून ट्रेसिंग पेपरच आहे. भूगोल नावापुरता असेल तर ते कॉलेज सोडा, मग ते घराजवळ असलं तरी. पदवीनंतर तिला माणसं, स्थलांतर, जन्म-मृत्यू यात रस राहिला तर मुंबईत देवनारला लोकसंख्येच्या अभ्यासाची आयआयपीएस ही केंद्र सरकारची संस्था आहे, नकाशात नि उपग्रहात रस राहिला तर डेहराडूनची आयआयआरएस, ती इस्रोची. आयआयआरएसचे काही ऑनलाइन कोर्स फुकट असतात, त्यांच्या वेबसाइटवर बघत राहायचं. शिक्षकी पेशाचं म्हणाल तर मी त्यावर भरवसा ठेवून नियोजन करणार नाही.

आणि मेव्हण्यांना सांगा, बी.कॉम. वाईट नाही, पण जिला खतावणीत रस नाही तिला तीन वर्षं तिथे बसवून काय मिळणार?

प्रवेशाची गडबड आहे तोवर लॅपटॉप घेऊ नका, आत्ता मोबाईल पुरे. तिला सांगा, वहीतला नकाशा परत काढ पण या वेळी स्केल ठरवून. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा असतो त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर, म्हणजे 400 मीटर लांबीची वाडी त्यावर जेमतेम आठ मिलिमीटर, त्यात 31 घरं बसतच नाहीत. तिने 1 सेंटिमीटरला 20 मीटर धरावेत, पाखाडी म्हणजे वाडीतली दगडी पायवाट पावलांनी मोजावी, गडगे म्हणजे दगडी कुंपणं नि विहिरी दाखवाव्यात. मोबाईलचं जीपीएस माडाखाली नीट लागत नाही, उघड्यावर उभं राहून घ्यायचं. कुलपांना एकच रंग नको, गणपतीला उघडणारं एका रंगात, फक्त शिमग्याला पालखीसाठी उघडणारं दुसऱ्या, नि कौलं खाली आलेलं, कधीच न उघडणारं तिसऱ्या. हा कागद मुलाखतीत कुठल्याही सर्टिफिकेटच्या आधी पुढे ठेवायचा. माणसांची नावं मात्र नकाशावर टाकू नये, फक्त घराला नंबर द्यावा. कुठली घरं रिकामी आहेत ते कोणाच्याही हाती लागायला नको, नि शेजाऱ्यांनाही हे सांगितलं की त्यांची तक्रार निम्मी कमी होईल.

मग गणपतीत तिने तीच 31 घरं परत मोजावीत. फक्त संध्याकाळी आरतीच्या वेळी जाऊ नये, तेव्हा अर्धी वाडी एकाच घरात सापडते नि बाकीची घरं उघडी असून रिकामी दिसतात. सकाळी चहाच्या वेळी जावं.