संगणक पूर्ण रीबूट न करता कर्नल बदलता येतो का?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातील आमच्या फाउंड्रीत मालाची आवक-जावक आणि बिले सांभाळणारा लिनक्स सर्व्हर आहे. नवा कर्नल (लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा) आला की सर्व्हर रीबूट करावा लागतो आणि पुन्हा उभा राहीपर्यंत काम खोळंबते. पूर्ण रीबूट न करता कर्नल बदलता येतो, असे ऐकले. ते कितपत सुरक्षित आहे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, मात्र त्यात वेळ नेमका कुठे वाचतो, हे आधी पाहायला हवे. सर्व्हर रीबूट होताना जाणारा बराचसा वेळ लिनक्सचा नसतोच. रॅमची तपासणी, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारे कार्ड) आणि नेटवर्क कार्डे जागी करणे ही फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या आणि सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, कामे मोठ्या यंत्रांवर काही मिनिटे घेतात. २००५ साली २.६.१३ या आवृत्तीबरोबर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आलेली ‘केएक्झेक’ ही सोय हाच टप्पा वगळते : चालू कर्नल नव्या कर्नलला मेमरीत आणून ठेवतो आणि फर्मवेअर व बूटलोडर (डिस्कवरचा कर्नल निवडून सुरू करणारा प्रोग्राम) यांच्या वाटेला न जाता कारभार थेट त्याच्या हाती देतो.

आपले बिलांचे सॉफ्टवेअर आणि डेटाबेस मात्र यातही बंद होऊन नव्याने सुरू होतात. म्हणून ‘सिस्टिमसीटीएल केएक्झेक’ ही आज्ञा वापरावी. ती सर्व सेवा रीतसर थांबवून, डिस्क मोकळ्या करूनच पुढे जाते. ‘केएक्झेक’ला थेट ‘-ई’ हा पर्याय दिल्यास सेवा न थांबवताच उडी मारली जाते आणि अर्धवट लिहिलेला डेटा गमावण्याची भीती असते. घाईच्या माणसाला तोच पर्याय आधी सापडतो, हे दुर्दैव. सिक्युअर बूट (फक्त मान्य डिजिटल स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर नवा कर्नलही तशा स्वाक्षरीचा असावा लागतो. एखादे कार्ड पूर्वीच्याच अवस्थेत राहिल्यामुळे नव्या कर्नलला ओळखता येत नाही, असेही घडते.

सेवा क्षणभरही थांबवायची नसेल, तर लाइव्ह पॅचिंगचा मार्ग आहे. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेल्या या सोयीत कर्नलमधील सदोष फंक्शनकडे (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याकडे) जाणारी हाक दुरुस्त फंक्शनकडे वळवली जाते. सुरक्षेच्या निकडीच्या दुरुस्त्यांसाठी ती उत्तम. पण त्यामुळे कर्नलची आवृत्ती बदलत नाही.

आमच्या मते आपल्यासाठी केएक्झेक पुरेसे आहे, पण एका अटीवर. केएक्झेकने नवा कर्नल चालला, म्हणजे वीज जाऊन आल्यावर यंत्र त्याच कर्नलवर उभे राहील, असे सिद्ध होत नाही; कारण बूटलोडरमधील नोंद त्या वेळी तपासलीच गेलेली नसते. तेव्हा कर्नल बदलल्यानंतर येणाऱ्या पहिल्या साप्ताहिक सुट्टीला, बॅकअप हाताशी ठेवून, एकदा पूर्ण रीबूट करून पाहावे.