बेटावर जाण्याआधी हणजुणेचा खडक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

लक्षद्वीप किंवा अंदमानच्या समुद्री जीवांच्या संशोधन केंद्रात काम करायचं म्हणून आधी स्कूबाचा, म्हणजे पाण्याखाली पोहण्याचा, कोर्स करू का, असं तू विचारलंस. कर, पण नंतर. बेटावर नव्या माणसाचं काम पोहण्यापाशी क्वचितच अडतं. ओहोटीची वेळ चुकते, जीव मोजायची चौकट मनाला येईल तशी पडते, नमुन्याच्या बाटलीवरची अक्षरं पुसली जातात, आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते. हे सगळं गोव्यात हणजुणेच्या खडकावर शिकता येतं, आणि त्याला कदंबा बसच्या तिकिटापलीकडे फारसा खर्चही नाही.

मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळव. आपल्याकडे दिवसाला दोन ओहोट्या, पण त्या सारख्या नसतात. एक चांगली खाली उतरते, दुसरी अर्ध्यावरच थांबते. म्हणून वेळेच्या आधी उंचीचा रकाना बघायचा. ०.४ मीटर किंवा त्याहून कमी, आणि उजेड असतानाची ओहोटी निवड. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत ती सापडते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी कमीच चढतं-उतरतं, तेव्हा खालचा खडक उघडा पडतच नाही. ते दिवस नोंदी नीट उतरवण्याचे. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे लक्षात ठेवलंस तर आठवड्याचा बेत मनातल्या मनात करता येईल.

दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी पोहोच. पाण्यामागोमाग खाली सरक, सगळ्यात खालचा पट्टा ऐन ओहोटीला कर, आणि पाणी वळलं की राहिलेलं काम करत वर ये. बहुतेक विद्यार्थी ऐन ओहोटीलाच येऊन ठेपतात, खाली उतरेपर्यंत पाणी वळतं आणि खालचा पट्टा, जिथे सगळ्यात जास्त जीव असतात, तोच राहून जातो. पाण्याकडे पाठ करून बसायचं नाही. जून ते सप्टेंबर तिकडे फिरकूच नकोस.

चौकट विकत घेऊ नकोस, कर. अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि चार एल्बो, आतलं माप ५० बाय ५० सेंटीमीटर. पाइपाला दोन-तीन ठिकाणी भोकं पाड, नाहीतर आत हवा कोंडते आणि डबक्यात चौकट तरंगते. मग दर १० सेंटीमीटरवर दोन्ही दिशांनी चार-चार दोऱ्या बांध. २५ घरं होतात, एक घर म्हणजे ४ टक्के. चौकट ‘सहज’ टाकली असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नये. डोळा सुंदर डबक्याकडे जातोच. पाण्याच्या रेषेला काटकोनात ३० मीटरचा टेप अंथर आणि चौकट कुठे ठेवायची ते आकडे घरूनच चिठ्ठ्या टाकून काढून ने.

आता मोजणी. समज, चौकटीत सरगॅसम या शेवाळाचा झुपका आहे. तो हाताने बाजूला केला की खाली स्पंज हा समुद्री जीव दिसतो, आणि स्पंजाच्या कडेला बार्नाकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव. आधी वरचं शेवाळ जागेवर असतानाच त्याची घरं मोज, मग ते हलकेच उचलून खालचं. बेरीज १३० टक्के आली तर घाबरू नकोस, थर एकावर एक असतात. ती ओढूनताणून शंभरावर आणणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि तिच्यापायी खालचे जीव कागदावरून नाहीसे होतात. बार्नाकलमध्ये जिवंत आणि रिकामे वेगळे मोज: जिवंताच्या तोंडाशी झाकणं घट्ट मिटलेली असतात, मेलेल्याचं नुसतं विवर उरतं. जांभ्याच्या भेगांत काय दडलंय ते दिसत नसेल तर ‘भेग, दिसत नाही’ असं लिही. शून्य लिहू नकोस.

खडकावर शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) आणि कालवं काढणाऱ्या बायका भेटतील, त्यांना विचार. कुठला पट्टा कधी उघडा पडतो हे त्यांना कोष्टकाविना ठाऊक असतं. फक्त त्यांनी सांगितलेलं नाव वेगळ्या रकान्यात लिही, कारण एका नावाखाली दोन-तीन जाती खपतात.

सरावासाठी खडकावरून काही उचलायची गरज नाही, फोटो पुरेत. प्रवाळाचा तर मेलेला तुकडाही खिशात घालू नकोस, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. बाटल्यांचा सराव बाजारातल्या शिनाण्यांवर कर. डीएनएसाठी मांस काढायचं तर ९५ टक्के इथेनॉल, मांसाच्या निदान पाचपट, आणि २४ तासांनी ते बदलायचं. मांसातलं पाणी सुटून ते पातळ होतं आणि बाटली बाहेरून चांगली दिसत असतानाच आतला डीएनए खराब होत जातो. फॉर्मलीन आकार राखतं, पण डीएनएची वाट लावतं, शिवाय आंबट होऊन शिंपल्याचा चुना खातं. म्हणून त्यात बोरॅक्स घालतात.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने, ट्रेसिंग पेपरवर, आणि बाटलीच्या आत. ‘परमनंट’ म्हणून विकला जाणारा मार्कर इथेनॉलच्या एका थेंबाने पुसला जातो, करून बघ. ठिकाण, तारीख, वेळ, टेपवरचं अंतर, कशात ठेवलं आणि कुणी, एवढं हवंच. नुसता ‘नमुना ७’ लिहिलास तर वही हरवली की बाटलीही गेली.

बेटावर यात भर पडते ती टंचाईची. गोडं पाणी मोजून मिळतं, वीज जाते, आणि रात्री पंप थांबला की टाकीतल्या जिवांचा श्वास कोंडतो. बॅटरीवरचा एअर पंप स्वतःजवळ असू दे. परतताना इथेनॉलच्या बाटल्या विमानात मनाला येईल तशा नेता येत नाहीत, तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचार. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो आणि नमुन्यांची परवानगी त्याहून वेगळी. दोन्हींसाठी काही महिने हातात ठेव. शिक्षणासाठीच बेटावर राहायचं असेल तर पाँडिचेरी विद्यापीठाचा समुद्रजीवशास्त्राचा विभाग अंदमानात आहे, तोही बघ.

केंद्रप्रमुखांना लिहिताना ‘मला समुद्राची लहानपणापासून आवड’ हे वाक्य गाळ. एकाच टेपरेषेवरच्या सहा महिन्यांच्या नोंदी, त्यांतून पडलेला एक प्रश्न, बस्स. तुझा पहिला तक्ता आधी मला पाठव, शाईने नीट उतरवलेला नको, खडकावरचा ओला कागदच.

येत्या अमावास्येनंतरची ओहोटी बघून ठेव. आणि पाइप अर्धा इंचीच आण, पाऊण इंची घेतलास तर चौकट वाहून हात दुखतील.

तुझे हितचिंतक