खड्ड्यात भाजलेला भिंतदिवा करताना

भिंतीवर लावायच्या मातीच्या दिव्यासाठी शेतातली काळी माती चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. एकट्या काळ्या मातीचा दिवा करू नये. ती वाळताना फार आकसते आणि उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा कामालाही पडतात. कुंभाराकडची मळलेली माती घ्यावी आणि तिच्यात जुन्या खापरांचा चुरा, साधारण पाचवा हिस्सा, घालावा, म्हणजे जाड भागातली वाफ बाहेर पडायला वाट मिळते. उजेडाची छिद्रे बोटाचा ठसा उमटणार नाही इतपत माती घट्ट झाल्यावर पाडावीत, कारण ओल्या मातीत कडा ओढल्या जातात आणि सुक्या मातीचे टवके उडतात.

भाजणीत घाई नडते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, आपल्याकडे मुबलक असली तरी तिची आच एकदम चढते, म्हणून खाली भुसा, भोवती गोवऱ्या आणि पऱ्हाटी शेवटी वर, असा थर लावावा. सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला मातीतील क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे खनिज, अचानक फुगतो आणि निवताना तितक्याच झटक्याने आकसतो, आणि ही उलथापालथ घाईने झाली तर काम तडकते. त्यामुळे काळे-तांबूस डाग कसे उमटले हे पाहण्याची कितीही उत्सुकता असली तरी राख पूर्ण थंड झाल्याशिवाय खड्डा उकरू नये.

असे काम सच्छिद्रच राहते, तेव्हा दिवा पावसाच्या माऱ्यात लावू नये. आत कमी वॅटचा एलईडी बल्ब पुरे. वजन मात्र वायरवर नव्हे, भिंतीतल्या स्क्रूवर असावे. नक्षीसाठी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, म्हणजे भाजलेल्या मातीच्या मूर्ती, जरूर पाहाव्यात.