वाचकांचे प्रश्न : आधी आजी, मग कादंबरी

प्रश्न : १९४४ च्या मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाच्या काळातली एक कादंबरी वाचतो आहे. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची, मांडवीजवळच्या चाळीत राहायची. तिच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत. कादंबरी वाचून दाखवली तर तिला जास्त आठवेल का? (डोंबिवली)

उत्तर : आठवेल, पण त्यातलं तिचं किती आणि कादंबरीचं किती, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून पहिली बैठक पुस्तकाशिवाय करा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, अर्ध्या-पाऊण तासात थांबा. ‘तेव्हा काय वाटलं?’ असं विचारलं की ठरीव उत्तर येतं. त्याऐवजी खोलीचा नकाशा काढून घ्या : मोरी कुठे, खिडकी कुठल्या अंगाला, त्या दुपारी घरात कोण होतं, रात्री झोपलात कुठे. ‘सोन्याच्या विटा पडल्या का गं?’ हे तर विचारूच नका. स्फोट झालेल्या बोटीवर सोनं होतं हे खरं, पण ती गोष्ट मुंबईत इतकी फिरली आहे की न पाहिलेलेही पाहिल्यासारखी सांगतात.

दुसऱ्या बैठकीत कादंबरीतली दोन-तीनच पानं वाचा, तीही स्फोटाची नकोत; बाजाराची, रेशनच्या रांगेची घ्या. ‘छे, असं नव्हतं’ असं आजी म्हणाली की पुस्तक मिटा आणि तिला बोलू द्या. खरा ऐवज तिथेच असतो. या बैठकीतल्या आठवणींपुढे ‘वाचनानंतर’ असा शेरा मारून ठेवा.

मग पडताळणी. तारीख १४ एप्रिल, वार शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमधल्या ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. आजी ‘रात्री झाला’ म्हणाली तरी लगेच खोडू नका. आग पुढे कित्येक तास पेटलेली होती, तिला तीच आठवत असेल. जुनी वर्तमानपत्रं बघताना १५ एप्रिलच्या अंकापाशी थांबू नका. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे बातमी दाबली गेली होती, तेव्हा मे महिन्याचे अंकही चाळा. आजीचं वय शाळेच्या दाखल्यावरून काढणार असाल तर जन्मतारीख १ जून आहे का बघा. त्या काळी गुरुजी ही तारीख सर्रास अंदाजाने घालत; वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज निघतो.

प्रश्न : पणजोबांच्या वहीत ‘शके १८६६, चैत्र वद्य’ अशी नोंद आहे. इंग्रजी साल कसं काढायचं? (गिरगाव)

उत्तर : शकात ७८ मिळवा : १९४४. पौष ते फाल्गुनातल्या नोंदी बहुतेक १ जानेवारीनंतरच्या असतात, त्यांना ७९. पौषाची सुरुवात मात्र कधीकधी डिसेंबरातच होते, तेव्हा तिथे नेमकी तारीख त्या वर्षीच्या पंचांगातच बघा.