कानगोष्टी : ऑक्टोबरात पाऊस कुठून आणायचा?

दरवर्षी ऑक्टोबर लागला की माझ्या दादरच्या क्लिनिकमध्ये कानात आवाज येणारे लोक वाढतात आणि या सदराच्या टपालातही तेच. या खेपेला तर निम्मी पत्रं टिनिटसवरच आहेत, म्हणजे बाहेर काहीच वाजत नसताना कानात किर्र, शिट्टी, घूंऽऽ असं काहीतरी ऐकू येणं. सगळी छापता येणार नाहीत, चार घेतलीयत. त्यांत साउंड थेरपी हा शब्द सारखा येईल, म्हणजे मागे हलका आवाज लावून कानातल्या आवाजाचा त्रास कमी करणं. पहिलं पत्र दोन ओळींचं आहे पण रांग मोडून पुढे आणलंय, का ते कळेलच.

प्रश्न : वय ३४, अंधेरीला आयटीत आहे. पाच दिवस झाले, फक्त डाव्या कानात शिट्टी वाजतेय आणि कान गच्च भरल्यासारखा झालाय, फोन त्या कानाला लावला तर समोरचा काय बोलतोय कळतच नाही. साउंड थेरपीसाठी कुठलं ॲप चांगलं?

उत्तर : कुठलंच नाही. यांना मी मेल वाचल्या वाचल्या उलट कळवलं की ऑफिसला दांडी मारा आणि आजच्या आज ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा, कारण अंक छापून हातात पडेपर्यंत थांबायची ही गोष्टच नाही. एकाच कानाचं ऐकणं असं अचानक उतरलं की ती इमर्जन्सी असते. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त, नंतर हातात फार काही उरत नाही. कधी नुसता मळही निघतो, मग सुटलातच, पण ते डॉक्टरने कानात बघून सांगायचं, आपण आपलं ठरवायचं नाही. नाडीच्या ठेक्यावर धकधक ऐकू येत असेल, सोबत गरगरत असेल, तोंड एका बाजूला वाकडं वाटत असेल, तरी हेच. आधी डॉक्टर, आवाजबिवाज नंतर.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ५३, राहणार करी रोड, चाळीत वरचा मजला. २४ वर्षं ऑफसेट प्रेसमध्ये मशीनवर आहे. दीड वर्षापासून दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा आवाज येतो, प्रेसमध्ये समजत नाही पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. एका डॉक्टरांकडे गेलो, केबिनमध्ये बसवून टेस्ट केली, म्हणाले ऐकणं थोडं कमी झालंय, बाकी काही नाही, हे आता राहणार, सवय करून घ्या, आणि बेल मारून पुढचा पेशंट बोलावला. सवय करून घ्या म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. पावसाळ्यात मात्र गंमत झाली, आमच्या खिडकीवर पत्रा आहे, त्याच्यावर रात्रभर पाऊस वाजायचा आणि मला मस्त झोप लागायची. पाऊस गेला आणि परत तेच. म्हणून मुलाने मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला, इअरफोन घालून फुल आवाजात ऐकतो, तेवढा वेळ किर्र पूर्ण बंद, पण इअरफोन काढला की आधीपेक्षा जास्त. मध्ये कापसाचे बोळे घालून पण बघितले. बायको म्हणते तुमच्या डोक्यात काहीतरी झालंय. माझं काय चुकतंय?

उत्तर : अहो, तुम्हाला इलाज पत्र्यावरच सापडला होता, तो मोबाइलमध्ये शिरताना बिघडला.

आधी वहिनींसाठी. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहा म्हणाले. खोलीत काहीच वाजत नव्हतं तरी ९४ टक्के लोकांनी काही ना काही लिहिलं, गुणगुण, शिट्टी, किर्र. म्हणजे वहिनींना तशा खोलीत बसवलं तर बहुतेक त्यांनाही ऐकू येईल. फरक एवढाच की त्यांचा मेंदू ते फालतू म्हणून बाजूला टाकतो आणि तुमच्या मेंदूने ते उचलून धरलंय.

का धरलं? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात बारीक केसाळ पेशी असतात, आवाजाने त्या झिजतात आणि एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. प्रेसमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल ना, मग तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर, म्हणजे कानाला घातक आहे असं धरून चाला. अशा माणसांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टचा आलेख, काढला की साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास आलेख खड्ड्यात गेलेला दिसतो, बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं पण वरचे बारीक आवाज निसटतात. तुमचा रिपोर्ट घरात असेल तर काढून बघा, बहुतेक असाच असेल. आता तिकडून सिग्नल कमी यायला लागले की मेंदू काय करतो, रेडिओचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण बटण पिळून आवाज वाढवतो तसं करतो. स्टेशन काही सुधारत नाही, खरखर मात्र वाढते. ती खरखर म्हणजे तुमचे रातकिडे. आणि रात्री ती जास्त का? दिवे घालवल्यावर टीव्हीचा तो लाल ठिपका केवढा डोळ्यावर येतो, दिवसा तो आहे हेसुद्धा लक्षात नसतं. तसंच.

पाऊस त्या अंधारात थोडा उजेड करत होता. पत्र्यावरच्या पावसात खालचे वरचे सगळे आवाज मिसळलेले असतात, त्यात ना शब्द ना चाल, त्यामुळे तो कोणी कान देऊन ऐकत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, आठवून बघा, पावसातही किर्र थोडी ऐकू येतच असणार, फक्त ती टोचत नव्हती. इअरफोनवर तुम्ही नेमकं हेच घालवलंत, ती पार बुडवून टाकलीत. आता ज्या पाहुण्याला खोलीत कोंडून ठेवलं त्याची घरच्यांना सवय कशी होणार? दार उघडलं की तो नवाच. वर आठ तास मशीन ऐकलेल्या कानांत रात्री फुल आवाज ओतायचा हा वेगळाच जुलूम. कापसाचं तर उलटंच आहे, शांतता वाढवली की मेंदू बटण अजून पिळतो. कानसंरक्षण लागतं ते प्रेसमध्ये, मशीन चालू असताना, तिथे बोळे उपयोगाचे नाहीत, चांगले इअरमफ किंवा फोमचे प्लग हवेत आणि ते मालकाकडे मागायला लाजू नका.

तर करायचं काय. इअरफोन ड्रॉवरमध्ये. एक छोटा स्पीकर घ्या, तो उशाशी नको, तीन-चार फुटांवर ठेवा, कपाटावर चालेल. पावसाची फाइल डाउनलोड करून घ्या, गडगडाट नसलेली, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर रात्री दोनला मध्येच जाहिरात किंचाळते आणि माझ्या एका पेशंटसारखं अख्ख्या खोलीला उठवून बसाल. आवाज शून्यावरून हळूहळू वाढवत न्या. एक जागा अशी येते की पाऊस आणि किर्र एकमेकांत मिसळायला लागतात, दोन्ही ऐकू येतात पण किर्रची धार गेलेली असते. त्या जागेच्या किंचित खाली थांबायचं. वाढवायचा मोह होईल, विशेषतः प्रेसमध्ये भांडण झालं असेल त्या दिवशी, तरी वाढवायचा नाही. रात्रभर चालू राहू दे, झोपमोड झाली तरी तो असला पाहिजे. वहिनींना पाऊस नको असेल तर टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा, तोही चालतो. संध्याकाळी घर शांत असेल तेव्हाही मागे काहीतरी हलकं वाजत राहू द्या.

या पद्धतीच्या मागचा विचार मुख्यतः यास्त्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञाचा, १९९० च्या आसपासचा. त्यात बारीक आवाजाबरोबर समुपदेशनही असतं आणि वर्ष-दीड वर्ष धरूनच चालतात. तेव्हा आठ दिवसांत निकाल लावू नका. कुर्ल्याला रुळांना लागून खोली घेतलेला माणूस पहिला आठवडा डोळ्याला डोळा लावत नाही आणि सहा महिन्यांनी पाहुणे विचारतात की तुम्ही झोपता कसे, तर तो म्हणतो कशाबद्दल बोलताय? गाड्या कमी झालेल्या नसतात. फक्त तो दर गाडीला उठून घड्याळ बघत बसला असता तर हे झालं नसतं. म्हणून रोज सकाळी बाथरूमचं दार लावून आज किती आहे ते तपासणं बंद करा. तुम्ही लिहिलं नाहीये पण करत असणार, सगळे करतात.

एक गोष्ट लपवत नाही. नुसत्या आवाजाने सगळ्यांना फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात साउंड थेरपीला ‘करून बघायला हरकत नाही’ अशी जागा आहे, शिफारस आहे ती सीबीटीची, म्हणजे आवाज आला की मनात जे चक्र सुरू होतं ते बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत. झोप पार उडाली असेल, सारखं रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल तर स्पीकरवर वेळ घालवू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारा तज्ज्ञ, पाहिजे असेल तर बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, कानाचंच काम करते. तुम्हाला जवळ परळचं केईएम, तिथे ईएनटीची ओपीडी आहे. जुना रिपोर्ट घेऊन जा.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची, पार्ल्याला राहते, शास्त्रीय गाणं शिकते आणि तीन वर्षं ढोल पथकात आहे. या गणपतीनंतर कानात बारीक शिट्टी राहिलीय. ईएनटीने बघितलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. मी ती शिट्टी सुराला लावून बघितली तर तार सप्तकाच्याही वरचा निषाद आहे! झोपताना तंबोऱ्याचं ॲप लावलं तर साउंड थेरपी होईल का? मैत्रीण म्हणते होईल.

उत्तर : मैत्रीण गात नसावी. तिच्यासाठी तंबोरा म्हणजे मागचा घूं, तिला झोप लागेलही. पण तू लावलास की काय होणार ते मला माहितीय, कारण मीही दहा वर्षं गाणं शिकलेय. आधी षड्ज बरोबर आहे का बघणार, मग जवारी खुली आहे का, मग खर्जातून तो आपसूक येणारा गंधार शोधत बसणार, आणि एवढं झालं की तुझा तो निषाद बरोबर बसतो का तपासणार. म्हणजे झोपायच्या वेळी कान सगळ्यात जास्त जागे. थेरपीला उलट असा आवाज लागतो ज्यात ऐकण्यासारखं काही नाही. पाऊस, पंखा, समुद्र. समुद्रातही लाटेचा चढउतार मोजत बसणारे असतात, तशी असशील तर पंखाच बरा.

आणि निषाद शोधणं आजपासून बंद. त्याला सूर दिलास की तो तुझा झाला.

पथकाचं मात्र मी कडक बोलणार आहे. सुरक्षित मानलेलं गणित असं आहे की ८५ डेसिबल ८ तास, ८८ झाले की ४ तास, ९१ ला २ तास, दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. ढोल-ताशाच्या ऐन गर्दीत आवाज १०० सहज ओलांडतो आणि तुम्ही मिरवणुकीत पाच-सहा तास असता. वाजव, कोण नको म्हणतंय, पण प्लग घालून वाजव. वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात, त्यात आवाज फक्त कमी होतो, बोदा होत नाही, ताशाची बारीक अक्षरं नीट कळतात. पथकातल्या मुलांनी हसलं तर हसू दे. गळ्याला जपायला गुरूंनी सांगितलं असेल, कानाला जपायला बहुतेक कोणी सांगितलेलं नसतं आणि गातेस तू दोन्हीवर.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, मुलुंडला आमच्याकडे असते. ऐकू कमी येतं आणि कानात सतत शिटी वाजते म्हणते. कानाचं मशीन घेऊन दिलंय पण ते लग्नकार्यालाच घालते. शेजारच्या काकू कोमट तेल घालायला सांगतात, ते चालू आहे. कोणी म्हणालं जिंको नावाच्या झाडपाल्याच्या गोळ्या द्या, कोणी म्हणालं ॲस्पिरिनने असं होतं. तिला बायपासनंतर ७५ एमजीची ॲस्पिरिन चालू आहे, बंद करू का? आणि साउंड थेरपीचं मशीन वेगळं घ्यावं लागेल का?

उत्तर : वेगळं काही घेऊ नका, डब्यात पडलंय तेच मशीन साउंड थेरपी आहे. दिवसभर घातलं की रस्त्यावरचा आवाज, भांडी, पोरांची बडबड परत कानात यायला लागते आणि शिटीला एकटीला रान मिळत नाही. पहिले दिवस कुकरची शिट्टीही डोक्यात जाईल, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, मग वाढवत न्यायचं. जिथून घेतलं तिथे एकदा नेऊन सेटिंग बघून घ्या, बऱ्याच मशीनमध्ये मागे हलकी सरसर लावायची सोय आतच असते, फक्त ती चालू करून द्यावी लागते.

जिंकोवर पैसे घालवू नका, मघाशी ज्या तत्त्वांबद्दल लिहिलं त्यांतही ते देऊ नका असंच आहे, झिंकचंही तेच. ॲस्पिरिनने कान वाजतात हे खरं, पण ते मुख्यतः मोठ्या डोसला. ७५ ची गोळी आईच्या हृदयासाठी आहे, ती हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. पूर्वी कधी टीबीची इंजेक्शनं झाली असतील, अमिकासिन वगैरे, तर ते मात्र ईएनटीला आठवणीने सांगा, त्यांनी कान कायमचे दुखावू शकतात.

तेल आजच बंद. मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा तुकडा, तेलकट कानात बसत नाही आणि मग तेच मशीन स्वतः शिटी वाजवतं. मशीन घातलेलं असताना आईंना जी शिटी ऐकू येते त्यातली काही कदाचित तीच असेल, मशीन काढून ठेवल्यावरही कानात तेवढीच वाजतेय का ते विचारून मला कळवा.