ऑफिसात वाटायला दूध-तूप न घालता चॉकलेट केक कसा करावा? एका सहकारी ताईंना दूध अजिबात चालत नाही.

त्यांच्यापुरता वेगळा तुकडा आणि बाकीच्यांना क्रीमचा केक, असं कृपा करून करू नका. आमच्याकडे जळगावात ऑफिसात वाढदिवस म्हटला की पेढे नाहीतर बेकरीचा केक, आणि ज्याला दूध चालत नाही तो वेफर्सची प्लेट धरून उभा. सगळ्यांनी एकाच डब्यातून खाल्लं तर त्या खाण्याला अर्थ. आणि कोकोच्या केकला दुधाची गरज नसतेच. उलट दूध नसलं की कोकोची चव जास्त ठसठशीत लागते.

आधी ताईंना एवढं विचारा: दूध पचत नाही, की दुधाची ॲलर्जी आहे? पचत नसेल तर त्रास लॅक्टोज या दुधातल्या साखरेचा असतो. ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते. मग लॅक्टोज-फ्री दूधही चालत नाही, आणि टिनला साजूक तुपाचा हात लावणंसुद्धा टाळायचं. शेंगदाण्याचंही त्याच वेळी विचारून घ्या, कारण आपल्याकडे घरात तेल बहुधा शेंगदाण्याचंच. तसंही घाणीच्या तेलाचा वास केकमध्ये उतरतो, म्हणून मी सूर्यफुलाचं रिफाइंड तेल घेते.

खरी काळजी घ्यायची ती दुकानात. ड्रिंकिंग चॉकलेट नको, बिनसाखरेची साधी कोको पावडर हवी. मार्जरिनमध्ये दुधाचा अंश असू शकतो. डार्क लिहिलेल्या चॉकलेटमध्येही बऱ्याचदा मिल्क सॉलिड्स असतात. ‘नॉन-डेअरी’ म्हणून मिळणाऱ्या क्रीममध्ये सोडियम केसिनेट सापडतं, आणि ते दुधाचंच प्रथिन. पाकीट उलटं करून मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे शब्द शोधा. कोको बटरला मात्र घाबरू नका, ती कोकोच्या बियांतलीच चरबी असते.

अंड्याऐवजी आपलं केळं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण केकला लागतं ते सालीवर काळे ठिपके आलेलं, हाताला मऊ लागणारं, फेरीवाला कमी भावात देऊन टाकतो ते. त्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते आणि गर आपोआप मिसळतो. केकला ओलसरपणा त्यानेच येतो. अंडं नसल्याने ऑफिसातली जैन मंडळीही खाऊ शकतात. कोणाचे काही खास नियम असतील तर तेवढे विचारून घ्या.

प्रमाण आठ इंची टिनचं. 30 ग्रॅम कोको 60 मिली कडकडीत गरम पाण्यात घोटा. आधी गुठळ्या दिसतील. घोटत राहिलं की अचानक काळपट, चकचकीत पेस्ट होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. ही पायरी गाळू नका, कोकोची चव इथेच खुलते. त्यात एक मोठं केळं कुस्करून, 150 ग्रॅम साखर, 75 मिली तेल, 120 मिली साधं पाणी आणि थोडा व्हॅनिला घालून साखर विरघळेपर्यंत फेटा. 190 ग्रॅम मैदा, एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ दोनदा चाळून त्यात मिसळा. मैदा दिसेनासा झाला की थांबा, जास्त फेटलं तर केक चिवट होतो. सगळ्यात शेवटी एक मोठा चमचा लिंबाचा रस. सोडा लगेच फसफसतो, मिश्रण फिकट होऊन फुगतं. हा फुगा वाया जायच्या आत टिन ओव्हनमध्ये गेलाच पाहिजे, म्हणून ओव्हन आधीच 180 अंशांवर तापवून ठेवा. साधारण 35 मिनिटं लागतात. ओव्हन नसेल तर कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाला मिठाचा थर आणि त्यावर स्टँड ठेवून मंद आचेवर भाजा. वेळ थोडा जास्त लागेल. सुरी घालून कोरडी निघाली की झालं.

माणसं जास्त असतील तर दोन टिन करा. एकाच टिनमध्ये दुप्पट ओतलं तर मध्ये कच्चं राहतं.

वरून आयसिंग थंडीतच करा. 100 ग्रॅम बिनदुधाचं डार्क चॉकलेट वितळवून त्यात 50 मिली गरम पाणी फेटलं की मस्त गुळगुळीत थर होतो. पण एप्रिल-मे मध्ये भुसावळहून अपडाऊन करत असाल तर विसरा. पारा 44-45 वर असताना चॉकलेट टिकत नाही, आणि आयसिंग घट्ट करायला नारळाचं तेल घालावं म्हटलं, तर ते 24-25 अंशांनाच पातळ होतं. पिठीसाखर भुरभुरून न्या.

केक पूर्ण गार झाल्यावर घरीच कापा. ऑफिसातल्या सुरीला आदल्या केकचं क्रीम असू शकतं. डब्यावर चिठ्ठी लावा: दूध, तूप, अंडं नाही, मैदा आणि केळं आहे. आदल्या रात्री केलेला केक दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो, पण उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा.